पिवळ्या पिशवीवरचं बुटाचं चित्र

जर्मनीत शनिवारी दुपारी दुकानांना कुलूप लागतं ते सोमवारी सकाळीच निघतं. जाण्याआधी एवढी एक गोष्ट मला कोणी सांगितली असती, तर पुढे लिहिलंय त्यातलं निम्मं घडलं नसतं. आमच्या फरीदाबादला रविवारी बाजारात पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे विचारायचंही सुचलं नाही. आणि विचारणार कुणाला? आमच्यातलं कोणी आधी गेलंच नव्हतं. म्हणून जे अजून गेलेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, घडलं तसं. त्यात माझी चूक आहे, तीही लिहिते.

आधी आम्ही कोण ते. दिल्ली आणि आसपासच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची फरीदाबादला एक लहानशी मंडळी आहे. भाड्याच्या हॉलमध्ये उपासना होते. आमच्या मुलांच्या गायनवृंदात अठरा मुलं, आठ ते चौदा वयाची. निम्मी फरीदाबादची, निम्मी दिल्लीतल्या द्वारकेच्या नव्या सोसायट्यांमधली, जिथे लिफ्ट आहे पण पाणी टँकरने येतं. शिकवणारे भोसले सर रेल्वेतून निवृत्त झालेले, पेटी वाजवतात आणि एक सूर हलला की चष्मा काढून बघतात. मी शशिकला गायकवाड, मुलांची शशी मावशी. ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात खरेदी विभागात आहे. बी.कॉम. आहे. वडील नगर जिल्ह्यात मिशनच्या दवाखान्यात वॉर्डबॉय होते, आई तिथेच चादरी धुवायची. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी सगळीकडे सांगते आणि इथेही सांगते.

जर्मनीतले एक पाळक, हान्स त्यांचं नाव, दोन हिवाळ्यांपूर्वी दिल्लीत आले होते. त्यांनी मुलांचं गाणं ऐकलं आणि बोलावणं पाठवलं. दहा दिवस, पाच कार्यक्रम. मुलांबरोबर सर आणि मी. निघण्याआधीच्या शेवटच्या तालमीला मी मुलांना बसवून बजावलं, "तिथे कुणाकडे काही मागायचं नाही. कुणी काही दिलं तरी म्हणायचं, थँक यू, आय हॅव."

सर हसले. "शशीबाई, जेवणसुद्धा?"

"जेवण घ्यायचं. बाकी काही नाही."

मागायची वेळच येऊ नये म्हणून मी पालकांना याद्या दिल्या होत्या. प्रत्येकाने स्वेटर, मोजे आणि नवे काळे चामडी बूट घेतले होते.

गुरुवार

गावाचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही, म्हणून लिहीत नाही. एक लहान नदी, दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर द्राक्षांच्या बागा, पानं सगळी पिवळी पडलेली. दुपारी तीन वाजता बसमधून उतरलो तर रस्त्यावर एकही माणूस नाही. हॉर्न नाही, भाजीवाला नाही, कुणाच्या घरातून रेडिओचा आवाज नाही. मी घाबरून पाळकांना विचारलं, "कोणी वारलंय का गावात?"

ते गोंधळले. म्हणाले, "नाही. गुरुवार आहे."

मुलं दोन-दोन, तीन-तीन करून घरोघरी राहायला गेली. नऊ वर्षांची शॅरन माझ्याबरोबर पाळकांच्या घरी. संध्याकाळी सहाला जेवायला बसलो. टेबलावर ब्रेड, चीज, काकडी आणि एका बशीत गुलाबी खिमा, वर चिरलेला कांदा. चूल पेटलेलीच नव्हती. मला वाटलं ही पूर्वतयारी आहे, जेवण मागून येईल. पाळकांच्या पत्नीने ब्रेडवर तो खिमा थापून शॅरनपुढे धरला.

शॅरन माझ्या कानाशी लागली. "मावशी, ये कच्चा है।"

"कच्चा कसा असेल? वाफवला असेल."

पाळकांच्या पत्नीला 'कच्चा' कळलं की काय कोण जाणे. तिने आनंदाने मान डोलावली. "रॉ, रॉ. व्हेरी फ्रेश. पिग."

शॅरनने बशी हलकेच मागे सरकवली. "थँक यू, आय हॅव."

मी मात्र खाल्लं. पाहुणा म्हणून गेल्यावर खावं लागतं. चवीला वाईट नव्हतं, पण पुढचे दोन तास मी पोटावर हात ठेवून बसले होते.

शुक्रवार

पहिला कार्यक्रम शेजारच्या गावातल्या चर्चमध्ये झाला. इथे आमची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे वेदीपुढे गाताना पायांत काही घालत नाहीत. नगरकडच्या खेड्यांतून आलेली ही सवय सरांनी दिल्लीतही मोडू दिली नाही. हॉलमध्ये सतरंजी अंथरतात आणि मुलं अनवाणी उभी राहतात. इथेही तसंच केलं. बूट आत एका कोपऱ्यात ओळीने लावले. लोक मुलांच्या पायांकडे बघत राहिले.

आणि मी बघत राहिले ती तिसऱ्या बाकाकडे. तिथे एक बाई आपल्या कुत्र्याला घेऊन बसली होती. मोठा, केसाळ, बाकाखाली पसरलेला. मध्येच त्याने जांभई दिली. पेटीवरचा सरांचा हात अर्धी मात्रा थांबला. इतक्या वर्षांत मी तो थांबलेला पाहिला नव्हता. नंतर सर एवढंच म्हणाले, "आपण चपला काढतो, आणि हे बघा."

शनिवार

रविवारचा कार्यक्रम मुख्य होता. गावच्या मोठ्या दगडी चर्चमध्ये, आसपासच्या गावांतूनही लोक येणार होते. त्याची तालीम शनिवारी सकाळी दहाला.

बाहेर बुरबुर पाऊस. आतली फरशी नुकतीच पुसलेली. बूट ठेवायचे कुठे हे बघत असताना मला दाराशी एक टेबल दिसलं. त्यावर पिवळ्या प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्यांची चळत. प्रत्येक पिशवीवर जर्मनमध्ये काहीतरी छापलेलं आणि खाली चित्र: एक शर्ट आणि बुटांचा जोड, नाड्या एकमेकींना बांधलेल्या.

मला या लोकांचं कौतुक वाटलं. दिल्लीत गुरुद्वाऱ्यात जोडाघर असतं, जोडे द्यायचे, बिल्ला घ्यायचा. इथे माणसं कमी, म्हणून पिशव्या ठेवल्यात. काल आपण अनवाणी गायलो हे यांच्या कानावर गेलं असणार. शर्टाचं चित्र कशाला, हे कळेना. ओले कोट ठेवायला असेल म्हणून सोडून दिलं.

मुलांना सांगितलं, "बूट काढा. चित्रात दाखवलंय तशा नाड्या बांधा, म्हणजे जोड चुकणार नाहीत. चिखल पुसा आधी." मुलांनी पुसले, बांधले. चार पिशव्या भरल्या. माझे सँडल आणि सरांचे बूट त्यातच. बाहेर फाटकाजवळ तशाच पाच-सहा भरलेल्या पिशव्या आधीपासून ठेवलेल्या होत्या. चर्चमध्ये आमच्याशिवाय कोणी नव्हतं, तरी मला शंका आली नाही. आमच्या चार मी त्याच रांगेत नीट लावल्या.

दीड तासाने बाहेर आलो तर फाटकापाशी एकही पिशवी नाही. ओली जमीन आणि पिशव्यांच्या जागी कोरडे चौकोन.

सरांना वाटलं मुलांनी लपवल्या. "चला, मस्करी पुरे. कोणी केलं हे?"

"सर, हम सब तो अंदर थे," शॅरन म्हणाली. "तुम्हीच तर दार बंद केलं होतं."

मी तडक पाळकांच्या घरी गेले, मोज्यांवरच, रस्त्याने. "चोरी झाली आहे," मी इंग्रजीत सांगितलं. "वीस जोड. तुमच्या चर्चच्या दारातून." माझा आवाज चढला होता. इतक्या स्वच्छ गावात, इतक्या शांत रस्त्यावर, आणि मुलांचे बूट? पोलिसांना बोलवा असंही मी म्हटलं.

पाळकांनी शांतपणे विचारलं, "कसल्या पिशव्या होत्या?"

मी सांगितल्या. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. त्यांनी स्वयंपाकघरातून तशीच एक पिशवी आणली आणि त्यावरचं एकेक वाक्य मला इंग्रजीत वाचून दाखवलं. गरिबांसाठी कपडे आणि बूट. कृपया स्वच्छ करून द्या. बुटांचे जोड एकमेकांना बांधा. शनिवारी अकराच्या आत रस्त्याकडेला ठेवा, गाडी येऊन घेऊन जाईल.

स्वच्छ, बांधलेले, अकराच्या आत. आम्ही एकही नियम मोडला नव्हता.

मी खुर्चीवर बसले. वीस जोड बूट मी माझ्या हाताने दान केले होते.

गोदामात

मुलांना पाळकांच्या पत्नीकडे सोपवलं. सरांना घरातल्या सपाता मिळाल्या, मला पाळकांच्या पत्नीने आपल्या मऊ, गुलाबी गोंड्यांच्या दिल्या. त्या घालून मी त्यांच्या गाडीत बसले. पाळक बोलायला सौम्य, पण त्या हमरस्त्यावर त्यांनी गाडी अशी पळवली की सरांनी डोळे मिटून घेतले.

त्या पिशव्या जातात ते गोदाम म्हणजे एक मोठी शेड. दार सरकवलं आणि मी तिथेच थांबले. समोर बुटांचा ढीग. ढीग म्हणजे किती? आमच्या कॉलनीतलं एकमजली घर त्यात बुडालं असतं. त्याच्या शेजारी कपड्यांचा तसाच. दहा-बारा म्हाताऱ्या बाया ॲप्रन बांधून निवडत होत्या, आपल्याकडे लग्नाआधी गहू निवडतात तशा बसून. गाडी तासाभरापूर्वी रिकामी झाली होती. आमचे बूट त्या ढिगात होते, आणि काळ्या बुटांची त्या ढिगात काही कमी नव्हती.

आम्ही शोधत बसलो. पाळक दर पाच मिनिटांनी माफी मागायचे, मी दर पाच मिनिटांनी म्हणायची की चूक माझी. दुपार कलेपर्यंत सात जोड सापडले. सहा मुलांचे आणि एक सरांचा.

कंबर सरळ करायला उठले तेव्हा शेडच्या टोकाला बांधलेले गठ्ठे दिसले, फाटक्या लोकरी कपड्यांचे, पट्ट्या मारून दाबलेले. एका गठ्ठ्यावर रोमन अक्षरांत शिक्का होता: पानिपत.

मी दोनदा वाचला. पाळकांना विचारायला लावलं. निवडणाऱ्या एका बाईंनी सांगितलं, जे कुणाला देण्यासारखं नसतं ते तिकडे विकलं जातं, सूत काढायला, चिंध्या करायला.

आमच्या कारखान्यात यंत्रं पुसायच्या चिंध्या पानिपतहून येतात. मी खरेदी विभागात आहे. त्या चिंध्यांची ऑर्डर मीच काढते. एकदा गोणीतून एक अख्खी बाही निघाली होती, मनगटापाशी मांजर विणलेली. आम्ही सगळे हसलो होतो आणि फोरमनने त्याच बाहीने ऑइल पुसलं होतं. मला वाटायचं, गरिबांसाठी दिलेलं एका वाटेने जातं आणि बाजार दुसऱ्या वाटेने. इथे दोन्ही एकाच दारातून निघत होतं, आणि दोन्ही वाटांच्या टोकाला मीच होते.

कारण त्या शेडमधला वास माझ्या ओळखीचा होता. डांबराच्या गोळ्यांचा. नगरला मिशनच्या आवारात नाताळाआधी परदेशातून जुन्या कपड्यांची पेटी यायची. ती उघडली की हाच वास. आम्ही मुलं रांगेत उभी राहायचो. शॅरनएवढी असताना मला तपकिरी बूट मिळाले होते, बकलांचे, कुणा मुलाचे. मग फोटो काढला. बूट दिसावेत म्हणून मला पुढे उभं केलं होतं. आई सांगायची, त्यात तू हसतेस. मी तो फोटो कधी पाहिला नाही. तो ज्यांनी दिलं त्यांना पाठवला गेला. पहिल्या पगारात मी स्वतःच्या मापाच्या चपला घेतल्या आणि तेव्हापासून सख्ख्या बहिणीचीही साडी अंगाला लावलेली नाही.

निवड करणाऱ्या बायांपैकी एकीने हात पसरून ढीग दाखवला. पाळक म्हणाले, "त्या म्हणतात, हवे ते घ्या. सगळं तुमचंच समजा."

"नो, थँक यू," मी म्हटलं. "आम्ही विकत घेऊ."

पाळकांनी घड्याळ बघितलं. "दुकानं बंद झाली. आता सोमवारी."

"सोमवारी? आज शनिवार आहे." मला वाटलं ते मला टाळतायत. शहरातली? बंद. स्टेशनजवळची? बंद. अख्खा देश बंद.

"मग अनवाणी गातील. तसंही अनवाणीच गातात," मी सरांना मराठीत म्हटलं.

"गातील हो. चर्चपर्यंत जातील कशी? आणि ती फरशी हात लावून बघितलीत? बर्फ आहे. आपली सतरंजी नाही तिथे. उद्या बूट घालून गायचं."

"सर, तुम्ही म्हणताय हे?"

"मी म्हणतोय. शशीबाई, मीही त्याच रांगेतून आलोय. मला कळत नाही असं समजू नका. पण तुमचा अभिमान पोरांच्या पायांत घालता येत नाही."

त्यांनीच एक खोकं भरलं. मी हात लावला नाही. गाडीत ते माझ्या शेजारी होतं आणि मी खिडकीबाहेर बघत होते.

रविवार

सकाळी गवतावर पांढरं दंव. पाळकांच्या घरी सगळी मुलं जमली. सरांनी खोकं मधोमध ठेवलं आणि मी मनात शब्द जुळवत होते: मुलांनो, ही तात्पुरती सोय आहे, वाईट वाटून घेऊ नका.

बोलायची वेळच आली नाही. मुलं खोक्यावर तुटून पडली.

"अबे, इसमें अंदर फर है!"

"मावशी, हे माझे हं, मी आधी हात लावला होता."

"यार, मेरे तो मिल गए, बेकार में," ज्याचे स्वतःचे काळे बूट सापडले होते तो मुलगा कुरकुरला.

मी भिंतीला टेकून उभी होते. ज्या लाजेने मला सकाळचा चहा गेला नव्हता, तिचा मागमूस एकाही चेहऱ्यावर नव्हता. ही मुलं कधी रांगेत उभी राहिलेली नाहीत. त्यांच्यासाठी ते बूट होते, बस. हा धक्का मला गोदामातल्या ढिगापेक्षा मोठा होता. इतकी वर्षं मी ज्याला सगळ्यांची लाज समजत होते, ती माझी एकटीची निघाली.

शॅरनने पट्ट्याचे लाल बूट घेतले. घालता घालता तिचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. मी मोज्यांवर होते.

"तुमचे?"

"मला नकोत. मी ठीक आहे."

तिने पट्टा सोडला आणि बूट काढून समोर ठेवला. "मग मी पण नाही घालणार. पहले आप।"

"शॅरन, हट्ट नको."

"हट्ट तर तुम्ही करताय."

तिच्या शेजारच्या मुलीनेही काढले. मग तिसरीने. सर पेटी पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण हसत होते हे मला पाठीवरून कळलं. खोक्याच्या तळाशी पुरुषी तपकिरी बुटांचा एक जोड उरला होता. मी तो घातला. वर चंदेरी साडी. मुलं खूश झाली.

चर्च भरलं होतं. मुलं वेदीच्या पायऱ्यांवर उभी राहिली, पायांत लाल, तपकिरी, निळे, फरचे. मी कडेला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात ती गोष्ट आली जी गोदामात यायला हवी होती. लहानपणी देणारे समुद्रापार होते. इथे ते समोर बाकांवर बसले होते. हे बूट परवापर्यंत यांच्या घरात होते.

आणि तसंच झालं. दुसऱ्या मराठी गीताच्या मध्यावर दुसऱ्या बाकावरची एक म्हातारी पुढे झुकली. तिची नजर शॅरनच्या पायांवर. तिने शेजारणीला कोपराने ढोसलं आणि बोट दाखवलं. शेजारीण बघू लागली. मुलं सुंदर गात होती, सर मान डोलावत होते, आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

गाणं संपलं. टाळ्या नाहीत. सगळं चर्च गप्प. ही तिथली दाद असते हे मला नंतर कळलं. तेव्हा ती शांतता मी बुटांच्या खात्यावर मांडली.

म्हातारी काठी टेकत सरळ आमच्याकडे आली. मी शॅरनच्या पुढे होऊन उभी राहिले. तिने मला बाजूला केलं, काठी बाकाला लावली आणि मोठ्या कष्टाने दगडी फरशीवर गुडघे टेकले. मग अंगठ्याने शॅरनच्या बुटाचं टोक दाबून बघितलं. दुसऱ्याचं दाबलं. आणि मान वर करून माझ्यावर काहीतरी ओरडली.

पाळक धावत आले. "त्या म्हणतात, हे त्यांच्या मुलीचे. मुलगी आता मोठी झाली. त्या विचारतात, इतके मोठे बूट हिला कोणी घातले? फोड येतील. माप न बघता द्यायचे असतात का?"

"सॉरी," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही.

तिने पर्समधून रुमाल काढला, दोन घड्या घालून बुटाच्या टोकात कोंबला, शॅरनला चार पावलं चालायला लावलं. मान डोलावली. मग तिची नजर माझ्या साडीच्या काठाखाली गेली. तिने बाकावर थाप मारली.

"त्या म्हणतात, बसा," पाळक म्हणाले.

"आय ॲम ऑल राइट."

तिने पुन्हा थाप मारली. सगळं चर्च बघत होतं. मी बसले. तिने माझ्या बुटाची नाडी सोडली, बूट काढला, माझी टाच हातात धरून अंदाज घेतला आणि कार्यक्रमपत्रिकेचा कागद मागितला. मी पाय मागे घेतला नाही. तिचे हात गार होते. काम झाल्यावर तिला उठता येईना, तेव्हा मी तिला काखेत हात देऊन उठवलं.

पालम

सोमवारी दुकानं उघडली. पाळक सगळ्यांना न्यायला तयार होते, पण जायला एकही मूल तयार नव्हतं. उरलेले कार्यक्रम त्याच बुटांवर झाले.

दिल्लीच्या विमानतळाबाहेर पालक उभे होते. द्वारकेची शॅरनची आई बँकेत आहे. तिची नजर आधी लेकीच्या तोंडाकडे गेली, मग पायांकडे. "अय्या, इम्पोर्टेड? शशीताई, काय मस्त लेदर आहे. आपल्याकडे तर आता कुठे यायला लागलेत असे. कितीला पडले?"

बाकीचे पालकही वाकून बघू लागले. सगळे खूश होते. सर ट्रॉलीवरच्या बॅगा नीट करू लागले. मी गप्प राहिले असते तरी कुणी काही विचारलं नसतं.

"विकत नाही घेतले," मी म्हटलं. "जुने आहेत. तिथल्या एका बाईंच्या मुलीचे. हिचे नवे माझ्या चुकीने गेले, सगळ्यांनाच सांगायचंय ते."

"जुने?" तिचा आवाज खाली आला. "म्हणजे... दुसऱ्यांनी वापरलेले?"

"हो."

मग तिने माझ्या साडीखालच्या तपकिरी बुटांकडे पाहिलं. "आणि हे?"

"माझेही तसेच," मी म्हटलं, आणि पाय साडीत ओढून घेतले नाहीत.